वॉशिंग्टनचं नॅशनल बिल्डिंग म्युझियम - दीड कोटीहून जास्त विटांची इमारत (बघितलेल्यांनी, बांधकामातल्या लोकांनी जरूर लिहा)

पोटोमॅककाठ

भारतातून आईबाबा, सासूसासरे, भाचेमंडळी आली की वॉशिंग्टन डीसीची आपली यादी ठरलेली असते, कॅपिटॉल, लिंकन मेमोरियल, एअर अँड स्पेस, व्हाइट हाऊससमोर फोटो आणि मग कुठल्यातरी इंडियन बफेला जेवण. त्या यादीत एक इमारत हक्काने असायला हवी आणि ती जवळपास कुणाच्याच यादीत नसते, म्हणून हा धागा काढतेय.

नॅशनल बिल्डिंग म्युझियम. आर्किटेक्चर, डिझाइन, इंजिनियरिंग, शहररचना या विषयांना वाहिलेलं म्युझियम, मेट्रोच्या रेड लाइनवर ज्युडिशियरी स्क्वेअर स्टेशनला एफ स्ट्रीटच्या बाजूने बाहेर पडलात की समोरच. बाहेरून लालभडक विटांची लांबलचक इमारत, ४०० फूट बाय २०० फूट. आजूबाजूला सगळी कोर्टं आणि सरकारी ऑफिसं असल्यामुळे लोकांना हेही एक ऑफिसच वाटतं आणि ते पुढे निघून जातात. आणि खरंच ते ऑफिसच होतं! अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना आणि मेलेल्यांच्या बायकामुलांना पेन्शन देणारं सरकारी खातं इथे बसायचं, पेन्शन ब्युरो. १८८२ ला काम सुरू झालं आणि १८८७ ला पुरं झालं.

आत पाऊल टाकलं की एकदम ३१६ फूट लांब आणि ११६ फूट रुंद हॉल, मध्ये कारंजं, आणि आठ कॉलम. प्रत्येक कॉलम ७५ फूट उंच, तळाशी ८ फूट व्यास. संगमरवरी दिसतात पण आतून विटाच आहेत, एकेका कॉलमला ७०,००० विटा लागल्यात, वरून गिलावा आणि संगमरवराची नक्कल करणारा रंग. सगळ्या इमारतीत मिळून १ कोटी ५५ लाख विटा आहेत.

पण मला लिहायचंय ते भव्यतेबद्दल नाही, भव्य इमारती डीसीत पैशाला पासरी आहेत. ही इमारत माँटगोमेरी मेग्ज नावाच्या लष्करी इंजिनियरने बांधली. हा माणूस युद्धात उत्तरेच्या फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल होता, म्हणजे लाखो सैनिकांचे कपडे, बूट, तंबू, घोडे, गाड्या सगळं पुरवायची जबाबदारी याची. त्याचा स्वतःचा तरुण मुलगा १८६४ ला त्याच युद्धात मारला गेला. आणि रिटायर झाल्यावर, पासष्टीनंतर, त्याने त्याच सैनिकांच्या पेन्शनचं ऑफिस बांधलं. आता जिने बघा. पायऱ्या विटांच्या आहेत, उंचीला एकदम कमी आणि पाय ठेवायला भरपूर खोल, कारण इथे येणाऱ्यांत लाकडी पायाचे, कुबड्या घेतलेले, म्हातारे झालेले सैनिक असणार होते. खिडक्यांच्या खाली बघा, मुद्दाम विटा सोडून फटी ठेवल्यात, बाहेरची हवा तिथून आत, थंडीत ती रेडिएटरवरून गरम होऊन खोलीत, खोलीतून कमानींमधून मधल्या हॉलमध्ये आणि तिथून वर चढून छताजवळच्या झरोक्यांतून बाहेर. पंखा नाही, मशीन नाही. खोल्यांना हॉलच्या बाजूने दारांऐवजी उघड्या कमानी ठेवल्या त्या हवा वाहती राहावी म्हणून. तेव्हाच्या पेन्शन कमिशनरने नोंदवून ठेवलंय की नव्या इमारतीत आल्यापासून कारकुनांची आजारपणं कमी झाली.

माझं म्हणणं इतकंच की डिझाइन म्हणजे काय हे मुलांना किंवा आईबाबांना समजावून सांगायचं असेल तर कुठल्याही दालनातल्या पाट्यांपेक्षा तो जिना चढून बघणं जास्त कामाचं आहे. तो माणसाचा विचार करून बांधलाय हे गुडघ्यांना कळतं. कुणी कुणी बघितलंय? काय आवडलं, काय नाही?

सिमेंटवाळू

धागा आवडला. मी सिव्हिलवाला, सगळी हयात पुण्यात आणि चाकणच्या साइट्सवर गेली, आता लेक बाल्टिमोरला असते म्हणून हे म्युझियम बघायला मिळालं. ७५ फुटी विटेचा कॉलम म्हटल्यावर आपल्याकडचे तरुण इंजिनियर दचकतात, आत सळई नाही तर उभा कसा? तर गणित साधं आहे. वीटकामाचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन धरा, उंची २३ मीटर, म्हणजे स्वतःच्या वजनाने तळाशी दाब येतो चौरस मिलिमीटरला ०.४४ न्यूटनच्या आसपास. कॉलम भरीव असो की पोकळ, या आकड्यात फरक पडत नाही कारण वजन आणि क्षेत्रफळ दोन्ही सोबतच कमी होतात. चांगली भाजलेली वीट आणि नीट भरलेला सांधा असेल तर एवढा दाब काहीच नाही. उंचीला व्यासाने भागलं तर साडेनऊच्या आतबाहेर येतं, म्हणजे बारीकही नाही. वरचं छप्पर लोखंडी कैच्यांवर आहे, त्याचा भार तसा हलका.

खरी करामत ताकदीची नाही, सरळ रेषेची आहे. सत्तर हजार विटा गोलात लावत लावत ७५ फुटांपर्यंत ओळंबा सोडायचा नाही आणि असे आठ कॉलम शेजारी शेजारी उभे करायचे, की एक जरी जरासा कलला तरी बाकीच्या सातांमुळे लगेच दिसणार. त्या गवंड्यांची नावं कुठे लिहिलेली मला दिसली नाहीत, त्यांना मनापासून नमस्कार. आणि मेग्जचं हे पहिलं काम नव्हे बरं का, वॉशिंग्टनला पाणी आणणारा जलवाहिनीचा प्रकल्प त्याचाच, त्यातला कॅबिन जॉनचा दगडी कमानीचा पूल २२० फुटांच्या एका गाळ्याचा आहे आणि १९०३ पर्यंत जगातली सगळ्यात लांब एकगाळी दगडी कमान तीच होती. आजही त्याच्यावरून गाड्या जातात. लेकीकडे गेलो की तो पूल बघायला जातोच जातो.

ओवरी

मी सिमेंटवाळू काकांशी सहमत. एक विचारायचं होतं, ही इमारत रोमच्या कुठल्या राजवाड्यावरून घेतलीय ना? कॉलेजात स्लाइड दाखवली होती पण नाव लक्षात नाही.

पोटोमॅककाठ

@ओवरी, हो, बाहेरचा चेहरा पलाझ्झो फार्नेझेवरून, मेग्ज युरोप फिरून आला होता. आतला ओवऱ्यांचा चौक पलाझ्झो देल्ला कान्चेल्लेरिया वरून. पण फार्नेझेच्या दुप्पट मोठं केलं आणि दगडाऐवजी वीट वापरली, कारण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पैसे देतानाच सांगितलं होतं की विटेची आणि आग न लागणारी इमारत पाहिजे. पेन्शनचे सगळे कागद एकाच ठिकाणी, एक आग लागली असती तर लाखो माणसांचे हक्क जळून गेले असते. खालच्या मजल्यावर ७२ डोरिक (साध्या ग्रीक धाटणीचे) खांब आहेत टेराकोटाचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे, आणि त्यांच्यावर दुसऱ्या मजल्याला ७२ आयोनिक (माथ्याला वळ्या असलेले), ते ओतीव लोखंडाचे. आणि कागदांच्या जड टोपल्या सरकवत न्यायला वरच्या मजल्यावर छताला लोखंडी रूळ टांगले होते.

भायखळालोकल

सध्या फोटोच बघतोय, प्रत्यक्ष जायचा योग आलेला नाही. पण बाहेर जी पट्टी दिसते सैनिकांची, तिच्याबद्दल कुणी लिहा ना प्लीज.

पोटोमॅककाठ

त्या पट्टीबद्दल लिहायचंच होतं. इमारतीच्या चारही बाजूंनी खालच्या मजल्याच्या खिडक्यांच्या वरून ती फिरते, टेराकोटाची, ३ फूट उंच आणि १,२०० फूट लांब. शिल्पकार कॅस्पर बुबर्ल, मूळचा बोहेमियाचा. पायदळ, घोडदळ, तोफखाना, नौदल, रसद, आणि जखमींना घेऊन चाललेलं वैद्यकीय पथक. जनरल एकही नाही, घोड्यावर बसून तलवार उगारलेला पुतळा हवा असेल तर डीसीत दर चौकात मिळेल, इथे मात्र चालणारी माणसं आहेत. १,३०० च्या वर आकृत्या.

बाराशे फूट नवीन कोरायला पैसे नव्हते म्हणून बुबर्लने २८ वेगवेगळे प्रसंग बनवले, सगळे मिळून ६९ फूट भरतात, आणि तेच साचे उलटसुलट जोडून, कुठे थोडा बदल करून सगळी मिरवणूक पुरी केली. कुणी सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाही. आता सांगितलंय तर पश्चिमेच्या बाजूने चालत चालत तोच गाडीवान परत कुठे भेटतो ते शोधा, मुलांना यात फार मजा येते.

त्या गाडीवानाचंही महत्त्व आहे. पश्चिम दरवाज्यावर रसदीच्या गाडीचा जो चालक आहे तो काळा असलाच पाहिजे, युद्धामुळे गुलामीतून सुटलेला माणूस असलाच पाहिजे, असं मेग्जने शिल्पकाराला लिहून कळवलं होतं. १८८० च्या दशकात, सरकारी इमारतीवर. रसद खात्यात अशा हजारो माणसांनी काम केलं हे त्याला माहीत होतं, त्याने ते डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्याने ते विसरू दिलं नाही. मला या इमारतीत सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच.

रेखाटन

मी आर्किटेक्ट आहे, प्रदर्शनांची कामंही करते, म्हणून जरा वेगळं मत मांडते, राग मानू नका. इमारत सुंदर आहे याबद्दल वाद नाही. पण म्युझियम म्हणून चालवायला जुनी इमारत फार अवघड जाते. जुनी ड्रॉइंग्ज, ट्रेसिंग्ज, ब्लूप्रिंट असतात, कागदाला ५० लक्सच्या वर उजेड चालत नाही, दमटपणा स्थिर ठेवावा लागतो. मेग्जने जी हवा मोकळी सोडली तीच हवा कागदाची शत्रू. म्हणून बघा, तिथे नाजूक वस्तू आणि प्रदर्शनं सगळी बाजूच्या जुन्या कारकुनांच्या खोल्यांमध्ये आहेत आणि तो एवढा मोठा हॉल मोठ्या गोष्टींसाठीच वापरता येतो.

फिनलंडचं उदाहरण बघा. हेलसिंकीत डिझाइन म्युझियम एका जुन्या शाळेत होतं, १८९० च्या दशकातली देखणी इमारत, आणि आर्किटेक्चर म्युझियम शेजारच्याच १८९९ च्या इमारतीत. संग्रह १८७३ पासूनचा. दोन्ही ठिकाणी जागा पुरेना, मोठ्या वस्तू गोडाऊनमध्ये पडून. शेवटी २०२४ ला दोन्ही संस्था एक केल्या आणि आता बंदरावर नवी इमारत उभी करायचं ठरलंय. अल्व्हार आल्टोसारख्या थोर आर्किटेक्टचा देश आहे हो तो, तिथल्या लोकांना जुन्या वास्तूंची किंमत कळत नाही असं कोण म्हणेल? तरी त्यांनी नवीन बांधायचं ठरवलं. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. डिझाइनचं म्युझियम आजच्या डिझाइनमध्येच असावं, नाहीतर लोकांना वाटत राहतं की चांगलं बांधकाम म्हणजे जुनं बांधकाम.

सिमेंटवाळू

रेखाटन ताई, मुद्दा बरोबर पण अर्धाच. नवीन इमारत दाखवते की बांधता येतं. जुनी इमारत दाखवते की टिकतं. माझ्या धंद्यात दुसरी गोष्ट शिकवायला फार कमी जागा आहेत. आपण पंधरा वर्षांत गळणारे स्लॅब घालतोय आणि रिडेव्हलपमेंटला पाठवतोय, अशा वेळी सव्वाशे वर्षांपेक्षा जुनं, कितीदा तरी वापर बदललेलं वीटकाम मुलांना हात लावून बघता येतं हे लहान काम नाही.

हडसनपार

ज्यांना न्यूयॉर्क जवळ पडतं त्यांच्यासाठी लिहितो, याच जातीचं दुसरं म्युझियम म्हणजे कूपर ह्यूइट, स्मिथसोनियनचं (अमेरिकन सरकारी म्युझियमं चालवणारी संस्था) डिझाइन म्युझियम, फिफ्थ अव्हेन्यू आणि ९१ वा रस्ता. अँड्र्यू कार्नेगीच्या राहत्या घरात आहे, १९०२ चं, ६४ खोल्या, राहत्या घराला पोलादी सांगाडा वापरायचे अगदी सुरुवातीचे दिवस होते तेव्हाचं. संग्रहाची सुरुवात १८९७ ला ह्यूइट घराण्यातल्या बहिणींनी केली, कापड, वॉलपेपर, लेस, ड्रॉइंग्ज, दोन लाखांवर वस्तू आहेत.

पण आपल्या माणसांनी तिथे जावं ते सागाच्या खोलीसाठी. दुसऱ्या मजल्यावर कार्नेगी कुटुंबाची लायब्ररी होती, ती लॉकवूड डी फॉरेस्ट नावाच्या डिझायनरने केली, आणि तिचं कोरीवकाम आलंय अहमदाबादहून. हा माणूस १८८१ च्या सुमाराला भारतात आला, अहमदाबादच्या मगनभाई हठीसिंगांबरोबर लाकूड कोरणाऱ्या कारागिरांची वर्कशॉप उभी केली आणि तिथून काम न्यूयॉर्कला यायला लागलं. भिंती, छत, कोनाडे, सगळं भरलेलं. अहमदाबादच्या पोळांमधल्या (जुन्या मोहल्ल्यांतल्या) हवेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती नक्षी लगेच ओळखू येईल. माझी बायको बडोद्यात वाढलेली, ती तिथून हलायला तयार नव्हती. अशी खोली नव्या इमारतीत आणून ठेवली असती तर ती शोकेसमधली वस्तू झाली असती, इथे ती घराची खोली आहे. त्यामुळे मी पोटोमॅककाठ यांच्या बाजूने.

रेखाटन

@हडसनपार, सागाची खोली हा अपवाद मान्य, कारण ती त्या घरासाठीच केली होती. पण लंडनचं बघा. तिथलं डिझाइन म्युझियम २०१६ ला जुन्या कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूटच्या इमारतीत गेलं, १९६२ ची, वर ते प्रसिद्ध पिळदार काँक्रीटचं छप्पर. छप्पर तात्पुरत्या आधारांवर तोलून धरलं आणि आतले मजले पार काढून नवे घातले, बाहेरच्या भिंतीही बदलल्या. मग वाचलं काय, छप्पर. मी तिथे उभी राहून वर बघत होते आणि मला ते छप्पर फार आवडलं, खोटं कशाला बोलू, पण त्याला जुनी इमारत जपली म्हणायचं का हा प्रश्न राहतोच.

पोटोमॅककाठ

रेखाटन, तुम्ही म्हणता ते समजतंय. पण पेन्शन बिल्डिंगच्या बाबतीत दुसरा पर्याय नवीन म्युझियम हा नव्हताच, दुसरा पर्याय होता पाडणं. पेन्शन ब्युरो १९२६ ला गेला, मग हिशेब तपासणारं खातं बसलं, मग एकामागून एक सरकारी ऑफिसं, कमानी पार्टिशन घालून बुजवलेल्या, सगळीकडे रया गेलेली. १९६० च्या दशकात पाडायचं चाललं होतं. तेव्हा लोकांना ही इमारत आवडतच नव्हती, बांधली तेव्हापासून "मेग्जचं लाल कोठार" म्हणून हिणवायचे, एका जनरलने म्हणे सांगितलं की हिचा एकच दोष, हिला आग लागत नाही.

तेव्हा क्लोएथिल वुडर्ड स्मिथ नावाच्या आर्किटेक्ट बाईंकडे सरकारने विचारणा केली की हिचं काय करता येईल, आणि त्यांनी १९६७ च्या अहवालात सुचवलं की इथे बांधकामकलेचंच म्युझियम करा. बायका आर्किटेक्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या त्या काळात! १९६९ ला इमारत ऐतिहासिक यादीत गेली, १९८० ला काँग्रेसने कायदा करून म्युझियमची स्थापना केली आणि १९८५ ला ते लोकांसाठी उघडलं. म्हणजे आधी इमारत होती, तिला वाचवायला म्युझियम सुचलं. मला वाटतं त्यामुळेच ते इतकं नेमकं बसलंय.

आणि मोठ्या हॉलमध्ये मोठ्याच गोष्टी करता येतात म्हणालात, पण त्यांनी त्याचं सोनं केलं. २०१४ ला बियार्के इंगेल्सच्या ऑफिसने लाकडी भूलभुलैया केला होता, बाहेरच्या भिंती १८ फूट आणि मध्यभागाकडे जाताना खाली खाली येणाऱ्या, म्हणजे मध्ये पोचलात की सगळा रस्ता दिसतो. २०१५ ला स्नार्किटेक्चरने पांढरा समुद्रकिनारा केला, जवळपास दहा लाख प्लास्टिकचे अर्धपारदर्शक चेंडू आणि त्यात माणसं पोहतायत. २०१७ ला जीन गँगच्या स्टुडिओने २,७०० च्या वर कागदी नळ्या एकमेकींत अडकवून ६० फुटी घुमट उभा केला, आत उभं राहून बोललं की आवाज बदलायचा. कागदाच्या नळ्यांचा घुमट आणि पाठीमागे विटांचे कॉलम, आता सांगा, आजचं डिझाइन याच्याहून चांगलं कुठे दिसलं असतं?

रेखाटन

कागदी घुमटाचे फोटो बघितलेत, तो मुद्दा मान्य. बाकी माझं मत आहे तेच आहे, कागदपत्रांसाठी वेगळी आधुनिक जागा पाहिजेच.

भायखळालोकल

आपल्याकडचं एक सांगू का. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम, राणीबागेच्या आवारात. आपण लहानपणी राणीबागेत हत्ती बघायला जायचो आणि हे सोडून यायचो. पण त्याचा मूळ हेतू मुंबई इलाख्यातली कारागिरी आणि उद्योगकला दाखवणं हाच होता, मातीकाम, धातूकाम, हस्तिदंत, कापड, मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या बाहुल्या, म्हणजे आजच्या भाषेत डिझाइन म्युझियमच झालं. १८७२ ला उघडलं. बाहेरून शांत पॅलेडियन (जुन्या इटालियन धाटणीची) इमारत आणि आत गेल्यावर हिरव्या-सोनेरी रंगाचे ओतीव लोखंडाचे खांब आणि कमानी. मध्ये इतकी दुर्दशा होती की बघवत नव्हतं, मग महापालिका, इंटॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशनने मिळून दुरुस्त केलं, २००५ ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, त्यातही सर्वोच्च श्रेणीचा. २००८ ला परत उघडलं. भाऊ दाजींनी तेव्हाच्या लोकांकडून वर्गणी गोळा करायला किती खटपट केली, त्यांचं नाव १९७५ ला दिलं गेलं ते योग्यच झालं. ज्याला डीसी शक्य नाही त्याने भायखळा स्टेशनला उतरून चालत जावं.

ओवरी

@भायखळालोकल, अगदी! चंदीगडला पण सेक्टर १९ मध्ये शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिएची टीम ज्या ऑफिसात बसायची तीच जुनी इमारत आता सेंटर केलीय, आणि सेक्टर १० मध्ये आर्किटेक्चर म्युझियम आहे ज्यात शहराची मूळ ड्रॉइंग्ज आणि मॉडेल्स आहेत. आमची स्टडी टूर गेली होती. त्या साध्या ऑफिसात जास्त वेळ गेला सगळ्यांचा. ज्या खोलीत बसून शहर काढलं त्या खोलीत उभं राहणं वेगळंच असतं.

पेन्शन बिल्डिंगचे फोटो बघून मला एक वाटतंय, मधला चौक, भोवती ओवऱ्या, ओवऱ्यांच्या मागे खोल्या, हवा खोल्यांतून चौकात आणि चौकातून वर, हे आपल्या चौसोपी वाड्यासारखंच चाललंय ना? फक्त चौकावर छप्पर आहे.

सिमेंटवाळू

@ओवरी, बरोबर निरीक्षण. छप्पर असल्यामुळे उलट ओढ जास्त बसते. गरम हवा वर साठते, वरचे झरोके उघडले की ती निघून जाते आणि खालच्या फटींतून नवीन हवा आत खेचली जाते. जितकी खालची फट आणि वरचा झरोका यांच्यातली उंची जास्त तितकी ओढ जास्त, आणि इथे छत मध्यावर १५९ फुटांपर्यंत जातं. वाड्यात चौक उघडा म्हणून वारा असेल तर छान, पण वारा पडला की ओढ कमी. आता तिथे एसी आहे त्यामुळे ती व्यवस्था पूर्वीसारखी चालताना बघायला मिळत नाही, पण फटी आणि कमानी जागच्या जागी आहेत, समजून घेता येतं.

नातवंडांचीआजी

मी यंदा मुलाकडे येतेय, वय ७१, गुडघे दुखतात, मिस्टर व्हीलचेअरवर. तुमचं वाचून फार जावंसं वाटतंय. आम्हाला जमेल का? आणि तिकीट किती? स्मिथसोनियनसारखं फुकट आहे का?

पोटोमॅककाठ

काकू, नक्की जमेल आणि नक्की या. लिफ्ट आहे, मोठ्या हॉलला जमीन एकदम सपाट, मिस्टरांना सगळा हॉल आणि खालच्या ओवऱ्या आरामात फिरता येतील. बसायला जागा भरपूर. स्टेशनलाही लिफ्ट आहे, पण निघायच्या आधी ती चालू आहे ना हे मेट्रोच्या साइटवर बघून घ्या.

हे स्मिथसोनियन नाही. इमारत केंद्र सरकारची आहे पण म्युझियम चालवणारी संस्था खाजगी, ना-नफा तत्त्वावर चालणारी. म्हणून मोठा हॉल बघायला पैसे नाहीत, प्रदर्शनांची दालनं बघायची तर तिकीट आहे. रोज उघडं नसतं आणि हॉल कार्यक्रमांनाही देतात, राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीनिमित्तचे नाचाचे समारंभ (इनॉगरल बॉल) १८८५ पासून इथे होत आलेत, पहिला क्लीव्हलंडचा, तेव्हा इमारत पुरी पण झाली नव्हती! तर वार आणि वेळ त्यांच्या साइटवर बघूनच निघा. नातवंडं लहान असतील तर बांधकामाच्या खेळांचं दालन बघा, मोठे फोमचे ठोकळे असतात.

आणि काकू, एक विनंती, लिफ्टने वर गेलात तरी येताना गुडघ्यांना झेपत असेल तर जिन्याच्या चारदोन पायऱ्या कठडा धरून उतरून बघा. तुमच्यासारख्यांसाठीच बांधलाय तो.

नातवंडांचीआजी

बरं वाटलं गं वाचून. मिस्टरांना आत्ताच वाचून दाखवलं, ते सैन्यात होते, ई.एम.ई. मध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. क्वार्टरमास्टरने बांधलेली इमारत म्हटल्यावर त्यांनीच ठरवलं, सगळ्यात आधी तिथे जायचं. गाडीवानाचं चित्र पश्चिमेला ना? लिहून ठेवते.

पोटोमॅककाठ

हो काकू, पश्चिम दरवाज्याच्या वर. काकांना माझा नमस्कार सांगा. दुपारनंतर गेलात तर त्या बाजूला ऊन असतं, टेराकोटा छान उठून दिसतो.

ओवरी

माझं पण जायचं ठरतंय, इंटर्नशिप मिळालीय मेरीलँडला. सिमेंटवाळू काका, रेखाटन ताई, स्केचबुक घेऊन जाणार आहे, नुसते फोटो काढून येणार नाही. काय काय मोजू?

रेखाटन

अभिनंदन! कॉलम काढत बसू नकोस, ते सगळेच काढतात. एका खोलीचा सेक्शन काढ, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं चित्र, बाहेरच्या भिंतीपासून हॉलच्या मध्यापर्यंत. भिंतीची जाडी, खिडकीखालची फट, खोलीची खोली, कमानीची उंची, ओवरीची रुंदी. एवढ्या एका सेक्शनमध्ये सगळी इमारत येते. ती काढलीस की इथे टाक, मला बघायचीय.

सिमेंटवाळू

आणि जिना मोज. पायरीची उंची आणि खोली, निदान पाच वेगवेगळ्या पायऱ्यांची, मधोमध आणि कडेला दोन्हीकडे, म्हणजे झीज किती झाली तेही कळेल. वीटकामात वीट आणि सांधा वेगवेगळा लिही, दहा थरांची एकत्र उंची घेऊन भाग, एकेक मोजू नकोस, चूक वाढते. नोंदी इंचात घे, तिथलं सगळं इंचात बांधलेलं आहे.